लेपर्ड गेकोचा आहार आणि रातकिड्यांची निगा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीने पाळलेली लेपर्ड गेको (एक प्रकारची पाल) आता पूर्ण वाढीची झाली असून तिचा मुख्य आहार रातकिडे हाच आहे. परंतु दुकानातून आणलेले निम्मे किडे तिला देण्याआधीच मरतात. ते कसे सांभाळावेत आणि तिला किती दिवसांनी खाऊ घालावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: रातकिडे बहुधा ओलाव्याने आणि कोंदटपणाने मरतात. जाळीचे झाकण असलेला मोठा डबा घ्यावा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवावेत आणि मेलेले किडे रोज काढावेत. पाण्याच्या वाटीत ते बुडतात, म्हणून गाजराच्या चकत्या द्याव्यात व कडा सुकून वळू लागल्या की त्या बदलाव्यात.

उत्तर २: उपाशी किडा म्हणजे नुसते टरफल. गेकोला देण्यापूर्वी २४ ते ४८ तास किड्यांना सकस खाद्य द्यावे. रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, त्यामुळे त्यांना कॅल्शियमची पूड लावणे मुळीच टाळू नये. अन्यथा गेकोची हाडे मऊ पडून पाय वाकतात आणि ते पुन्हा सरळ होणे कठीण असते. पूर्ण वाढलेल्या गेकोला दर दोन-तीन दिवसांनी खाणे पुरते. किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा.

उत्तर ३: न खाल्लेले रातकिडे रात्रभर तिच्या पेटीत राहू देऊ नयेत, ते गेकोला चावतात.