बडोदे: वाडा पाडून बांधायचा आहे, स्थानिक बांधकाम कंपनी कशी पारखावी?

लकडीपूल

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात लकडी पुलाच्या बाजूला आमचा वाडा आहे, पणजोबांनी घेतलेला. आता चार चुलत भावंडांच्या नावावर आहे. एक बहीण पुण्याला, एक भाऊ कॅनडात. जागा साधारण 430 चौरस मीटर. मागचा सोपा गेल्या पावसाळ्यात खचला. आई 78 वर्षांची आहे, रात्री पाऊस वाढला की ती उठून बसते. पाडून बांधायचं हे आता चौघांनाही पटलंय.

बडोद्यातलीच एक कंपनी पुढे आली आहे. अजून काही ठरलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पंचवीसेक वर्षं काम करताहेत, गोत्रीला आणि वाघोडिया रोडला त्यांच्या स्कीम (गृहप्रकल्प) आहेत. मालक स्वतः घरी आले, आईशी मराठीत बोलले, चहा घेऊन गेले. गणपतीची वर्गणी, रक्तदान शिबिर, शाळेला वह्या, 2024 च्या पुरात जेवणाची पाकिटं, हे सगळं त्यांच्या पुस्तिकेत फोटोंसकट आहे. धाकटा चुलत भाऊ म्हणतो, गावासाठी एवढं करणारी माणसं आपल्याला फसवायची नाहीत. मलाही माणसं आवडली. पण तेवढ्यावर घर हातात द्यावं का?

प्रस्ताव असा: खाली पार्किंग, वर चार मजले, आठ फ्लॅट. चार आमचे, चार त्यांचे. काय बघू, कुणाला विचारू?

केवडाबाग

त्यांची नवी स्कीम बघू नका, सात-आठ वर्षांपूर्वी ताबा दिलेली बघा. तीही भर पावसाळ्यात. सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा आणि छत गळतं का विचारा. आम्ही तेवढंच केलं होतं आणि पुरलं.

साइटवाले काका

केवडाबाग यांनी बरोबर सांगितलंय, त्यात भर घालतो. मी सिव्हिल इंजिनिअर, 34 वर्षं साइटवर काढली, आता निवृत्त आहे.

आधी पार्किंगचं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर पडलेल्या इमारती पाहायला आम्ही काही जण अहमदाबादला गेलो होतो. भूकंपाचं केंद्र भूजकडे, दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे चार-पाच मजली इमारती बसल्या होत्या. बहुतेकींची रचना सारखी: खाली मोकळं पार्किंग आणि नुसते खांब, वर भिंतींचा सगळा भार. तुमचा नकाशा तसाच आहे. अशी इमारत बांधू नये असं मी म्हणत नाही, आज बडोद्यात निम्मी बांधकामं अशीच होतात. पण बडोदे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, तेव्हा तळमजल्याच्या खांबांचा वेगळा विचार केलाय का, हे त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला समोर बसवून विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही. इंजिनिअरची भेट घालून द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

मग त्यांच्या चालू साइटवर जा, खांब भरायच्या आदल्या दिवशी. उभ्या सळ्यांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं बघा. टोक 135 अंशांत आत वळून खांबाच्या गाभ्यात शिरलेलं हवं. काटकोनात दुमडलेलं टोक हादऱ्यात उघडतं, रिंग सुटते आणि सळ्या बाहेर फुगतात. हे बघायला डिग्री लागत नाही. वाकून दहा खांब बघा. तीन खांबांत काटकोन दिसला तर मुकादमाला विचारा, आणि तो काय उत्तर देतो ते नीट ऐका.

पाणी मारण्याचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात, त्याला किमान 10 दिवस ओल हवी. खांबांना गोणपाट गुंडाळलेलं सगळीकडे दिसेल. तुम्ही ते हाताने दाबा. दुपारी तीन वाजता दाबलं आणि बोटं ओली झाली, तर ती साइट चांगल्या माणसाच्या हातात आहे. क्यूब टेस्टचं (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात, त्याचं) रजिस्टर मागा, 28 दिवसांचे आकडे पान उलटून बघा. मागितल्याबरोबर टेबलावर आलं पाहिजे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, म्हणजे कंपनीची माणसं आणि गावाशी तिचं नातं. पुस्तिकेतल्या फोटोंच्या आधी मी मजुरांची वस्ती बघतो. बडोद्याच्या साइटवर दाहोदची, पंचमहालची, पलीकडून मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरची आदिवासी कुटुंबं असतात, नवराबायको दोघं कामावर आणि मूल वाळूच्या ढिगावर. संडास आहे का, प्यायच्या पाण्याची टाकी झाकलेली आहे का, मजूर इमारत कामगार कल्याण मंडळात नोंदवलेले आहेत का, हे विचारा. 18 ते 60 वयाच्या आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या माणसाला तिथे नोंदणीचा हक्क आहे. त्या मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या 1 टक्का सेसमधून येतो, म्हणजे मालक तो भरतोच. पण मजुराचं कार्ड काढून द्यायला कुणीतरी अर्धा दिवस मोडून त्याच्याबरोबर जावं लागतं. जी कंपनी तो अर्धा दिवस मोडते तिच्या रक्तदान शिबिरावर माझा विश्वास बसतो.

आणखी एक. त्यांनी दिलेल्या वेळापत्रकात होळी शोधा. होळीला हे सगळे मजूर गावी जातात आणि दोन-तीन आठवडे येत नाहीत, पेरणीच्या वेळी पुन्हा जातात. ज्याच्या कागदावर मार्चमध्येही स्लॅबची तारीख आहे, त्याने एक तर वेळापत्रक ऑफिसात बसून केलंय, नाहीतर तुम्हाला खूश करायला केलंय.

हिशेबनीस

काकांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. मी कागदांचं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या करारावर सही कोण करणार? आपल्याकडे बहुतेक बिल्डर प्रत्येक स्कीमसाठी वेगळी भागीदारी पेढी काढतात. पंचवीस वर्षांचं नाव पुस्तिकेवर असतं आणि दस्तावर दोन महिन्यांपूर्वी जन्मलेली पेढी. तिच्या नावावर ना जमीन, ना शिल्लक. काम संपलं की ती मिटते. मुख्य कंपनी आणि तिचे भागीदार जामीनदार म्हणून सही करणार का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

दुसरी, रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, 2016 चा. त्यात ग्राहकाला चांगलं संरक्षण आहे: नोंदलेल्या कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, जमा रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताब्यानंतर 5 वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठाहून जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. तुमचं दोन्हीत बसतं. "आमच्या सगळ्या स्कीम रेराच्या आहेत" हे त्यांचं म्हणणं खरं असेल, तुमचा वाडा मात्र त्यात येणार नाही. म्हणून 5 वर्षांची दोषदुरुस्ती, उशिराचा दंड, तुम्ही बाहेर राहाल तेव्हाचं भाडं, बँक गॅरंटी, सगळं करारात शब्दाशब्दाने लिहून घ्या. बी.यू. परमिशन (इमारत वापरायची पालिकेची परवानगी) आल्याशिवाय ताबा घेऊ नका. मुखत्यारपत्र द्यायचंच झालं तर त्यांच्या वाट्याच्या चार फ्लॅटांपुरतं द्या, आणि तेही तुमचे चार तयार झाल्यावर.

समाजकार्याबद्दल: नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची कंपनी कायद्यातली सक्ती 500 कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ), 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्यांना लागते. तुमची कंपनी त्याखाली असेल तर वर्गणी आणि वह्या त्यांनी मनाने दिल्या, त्याचं मोल आहे. त्या रेषेवर असतील तर ते त्यांचं कर्तव्यच होतं.

समा सावली

लकडीपूल ताई (की दादा?), पुराचं मी सांगते, कारण आम्ही ते भोगलं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये सतरा गाड्या बुडाल्या. इलेक्ट्रिक पॅनेलही तिथेच होतं, त्यामुळे पाणी उतरल्यावरही पाच दिवस लिफ्ट नाही, पंप नाही. सासरे सहाव्या मजल्यावर, ऑक्सिजनवर. बिल्डरला फोन केला तर कळलं की ती पेढीच बंद झालीय. हिशेबनीस म्हणतात तेच.

समोरची इमारत दुसऱ्या एका कंपनीची, ताबा देऊन आठ वर्षं झालेली. तिथे तिसऱ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर ट्रॅक्टरवर डिझेलचा पंप बांधून आला, कमरेएवढ्या पाण्यातून. फोटो काढायला कुणी नव्हतं. त्यांचं काम झाल्यावर त्याने पाइप ओढून आमच्या दारात आणला आणि आमचंही पाणी काढलं. मी त्याला भाकरी-पिठलं दिलं, ते तो जिन्यावर बसून जेवला. सासरे अजून त्याचं नाव काढतात. त्या कंपनीचं नाव तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, त्यांनाही एकदा वाडा दाखवा.

तुमच्याकडे बेसमेंट नाही हे चांगलं. तरी मीटर आणि पंप रस्त्याच्या पातळीहून किती वर आहेत ते नकाशावर मागा.

केवडाबाग

समाताई, वाचून कसंतरी झालं. सासऱ्यांना आता बरं आहे ना?

समा सावली

हो, आता ठीक आहेत. बिनऑक्सिजनचे चालतात गच्चीवर.

लकडीपूल

सगळ्यांचे मनापासून आभार. (समाताई, मी दादा.) तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सांगितलेलं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

गोत्रीची त्यांची 2016 ची इमारत पाहिली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, आत बोलावलं. गळती नाही. जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला एका जागी लोणा धरलाय. त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी कळवलं तेव्हा माणूस येऊन प्लॅस्टर करून गेला, पुन्हा धरलाय, पुन्हा कळवणार आहे. मला हे उत्तर आवडलं, कारण कळवायला अजून कुणीतरी आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

चालू साइटवर भाऊ आणि मी दोघं गेलो. रिंगा बघितल्या: एका खांबात दोन टोकं काटकोनात होती. मुकादम दाहोदचा, अकरा वर्षं त्यांच्याकडे. त्याने आमच्यासमोर त्या काढायला लावल्या आणि पोराला म्हणाला, सांजे फरी बतावजे (संध्याकाळी पुन्हा दाखव). गोणपाट ओलं होतं. मजुरांसाठी संडास होता, पण एकच, चाळीस माणसांना. हे मी मालकांना सांगितलं. ते गप्प राहिले, मग वहीत लिहून घेतलं.

जामिनाच्या सहीवर मात्र अडलंय. भागीदार सही करायला तयार आहेत, मुख्य कंपनी नाही म्हणते. आमचे वकील म्हणतात तोवर थांबा. समाताईंनी सुचवलेल्या कंपनीचीही माणसं रविवारी येऊन जागा मोजून गेली.

साइटवाले काका

छान केलंत. वकिलांचं ऐका, घाई नको. एक राहिलं: जुना इमला पाडल्यावर निघणारं लाकूड कोणाचं? करारात सहसा "पाडकामाचा माल विकासकाचा" असं एक वाक्य असतं आणि लोक वाचत नाहीत. दांडिया बाजारातल्या वाड्यांत जुनं सागवान असतं, तसं आज पैसे देऊनही मिळत नाही. कुणाशीही करार करा, त्याआधी सगळं मोजा, खांबांवर खडूने आकडे घाला, फोटो काढा.

लकडीपूल

आज सकाळी मोजलं. खांब 14, मोठ्या तुळया 9, कोरीव कमानी 3, दिंडीदरवाजाची फळी अखंड. आई ओट्यावर बसून आकडे वहीत मांडत होती. शेवटी म्हणाली, झोपाळ्याच्या चार पितळी साखळ्या राहिल्या, त्या लिही.