आधी डिस्क बघा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लगेच विंडोज ११ टाका असा सल्ला बरेच जण देतात, ते ठीक, पण लॅपटॉपच आजारी असेल तर आधी डिस्क बघा. माझा अपडेट दरवेळी ६२ टक्क्यांवर अडकायचा, मी आपला सॉफ्टवेअरला शिव्या घालतोय, शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं तर पिवळा शेरा, म्हणजे धोक्याचा इशारा, आणि रिअलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून डिस्कने बाजूला काढलेले तुकडे) रोज वाढतायत. म्हणजे डिस्क मरायला टेकलेली आणि अपडेट तिच्यावरच कित्येक जीबी लिहायला बघतंय! डेटा बाहेर काढला, एसएसडी बसवली, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लॅपटॉपमध्ये नव्हतीच, त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, मस्त चालू आहे.

आणि हो, बॅटरी मेलेली असेल आणि चार्जरची पिन हलत असेल तर बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटच्या वाटेला जाऊ नका, लॅपटॉप मधेच बंद पडला तर परत उठेलच असं नाही.