लष्करात हुद्दा एक आणि काम वेगळे, असे का दिसते?

प्रश्न : युद्धवाचक

गेले काही महिने मी १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांविषयी वाचत आहे आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडखळतो आहे. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत हुद्द्यांचा क्रम मला पाठ आहे. परंतु त्या हुद्द्याचा अधिकारी दिवसभर नेमके काय करतो आणि लढाईत त्याच्यावर कशाची जबाबदारी असते, हे नुसत्या क्रमावरून कळत नाही. लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग एका कंपनीचे प्रमुख होते, तर दुसऱ्या वर्णनात एखादा मेजर ब्रिगेडच्या मुख्यालयात नकाशे आणि आदेश सांभाळताना भेटतो. १९६५ मध्ये पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख अर्देशीर तारापोर हे लेफ्टनंट कर्नल होते; आज तेच पद कर्नलकडे असते, असे वाचनात आले. हुद्द्याचा आणि कामाचा संबंध नक्की कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर : निवृत्त पलटणवाला

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण आपण हुद्दा आणि नेमणूक या दोन गोष्टी एक धरल्या आहेत. मेजर हा हुद्दा आहे. कंपनी कमांडर, ब्रिगेड मेजर, प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षक या नेमणुका आहेत आणि कर्तव्ये ठरतात ती नेमणुकीवरून. कोणत्या नेमणुकीसाठी अधिकारी पात्र आहे, एवढेच हुद्दा सांगतो. मी पायदळात होतो, म्हणून उदाहरणे तिथलीच देतो.

डेहराडून किंवा चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडलेला लेफ्टनंट पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये, येतो तेव्हा त्याच्याकडे साधारणपणे एक प्लाटून, म्हणजे तीस-पस्तीस जवान सोपवले जातात. त्यांच्याबरोबर धावणे, त्यांचा नेमबाजीचा सराव घेणे, गस्तीचे नेतृत्व करणे, ड्यूटी ऑफिसर म्हणून रात्री पहारे तपासणे, लंगरातील जेवण चाखून पाहणे, कोतमधील (शस्त्रे ठेवण्याच्या खोलीतील) शस्त्रे मोजणे ही त्याची कामे असतात. बाहेरून ती किरकोळ वाटतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी शस्त्रे न मोजता रजिस्टरातील बेरीज पाहून सही करायला निघालो होतो, तेव्हा माझ्या प्लाटूनचे सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, “साहेब, रजिस्टर कुठे जात नाही, रायफल जाते.” मग मी एकेक रायफल हातात घेऊन क्रमांक ताडून पाहिला आणि नोकरी संपेपर्यंत तसाच पाहत राहिलो.

कॅप्टनच्या काळात अधिकारी बहुधा कंपनीचा उपप्रमुख असतो किंवा पलटणीच्या मुख्यालयात अ‍ॅडज्युटंट, क्वार्टरमास्टर अशा नेमणुकीवर जातो. अ‍ॅडज्युटंट म्हणजे कमांडिंग ऑफिसरचा उजवा हात. शिस्त, परेड, ड्यूट्यांची वाटणी, पलटणीचा पत्रव्यवहार, नव्या अधिकाऱ्यांना वळण लावणे हे सगळे त्याच्याकडे असते आणि पलटणीत काही बिघडले की पहिली हाक त्यालाच येते. क्वार्टरमास्टर शिधा, कपडे, दारूगोळा आणि साहित्याचा हिशेब ठेवतो.

माझ्या मते सर्व नेमणुकांमध्ये खरी कसोटी कंपनी कमांडरची. सुमारे १२० जवानांची कंपनी ही अशी शेवटची तुकडी आहे, जिथे प्रमुखाला प्रत्येक माणसाचे नाव, त्याचे गाव, त्याच्या घरची अडचण ठाऊक असू शकते. शांततेच्या काळात रजा, बढतीची शिफारस, कोणाला कोणत्या कोर्सला पाठवायचे, कोणाची शेतजमिनीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची, हे सारे तोच पाहतो. लढाईत तीनही प्लाटूनांच्या जागा, स्वयंचलित शस्त्रांचे मारक्षेत्र, राखीव जवान कधी वापरायचे आणि तोफखान्याचा मारा कुठे मागायचा, हे त्याला ठरवावे लागते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊंच्या ‘सी’ कंपनीच्या प्लाटून एकमेकींपासून दूर पसरल्या होत्या आणि मेजर शैतान सिंग गोळीबारात एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जात राहिले. त्यांचे शौर्य आपण सांगतो ते योग्यच आहे, पण कंपनी कमांडरचे कामच ते आहे, हेही त्यासोबत ध्यानात घ्यावे.

पलटणीचा कमांडिंग ऑफिसर हा सुमारे ८०० जवानांचा प्रमुख. प्रशिक्षण, लढाऊ सज्जता, शिस्त आणि कल्याण या साऱ्याची अंतिम जबाबदारी त्याची असते आणि ती दुसऱ्यावर ढकलता येत नाही. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ८० नुसार तो जवानांना २८ दिवसांपर्यंतच्या कैदेची शिक्षा देऊ शकतो आणि समरी कोर्ट मार्शलही (संक्षिप्त लष्करी न्यायालय) भरवू शकतो. इतका न्यायिक अधिकार कंपनी कमांडरकडे नसतो. त्याच्याखालचा टूआयसी, म्हणजे सेकंड-इन-कमांड, प्रशासन आणि प्रशिक्षणाचा गाडा ओढतो, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला लढाईचा विचार करायला उसंत मिळते.

उत्तर : सुभेदार (निवृत्त)

वरील साहेबांचे लिहिणे बरोबर आहे. फक्त एका ठिकाणी भर घालतो. प्लाटून लेफ्टनंटकडे असते असे वाचून वाचकांचा समज होईल की प्रत्येक प्लाटूनला एक अधिकारी मिळतो. तसे नसते. बहुतेक प्लाटूनांचे प्रमुख सुभेदार किंवा नायब सुभेदारच असतात, कारण पलटणीत तेवढे तरुण अधिकारी कधीच नसतात. आम्ही जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवानांमधून, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर वर आलेले असतो. म्हणून नवा लेफ्टनंट आमच्याकडून शिकतो आणि तरीही हुकूम त्याचाच चालतो. हे नाते सांभाळणे दोघांनाही जमावे लागते. ज्या अधिकाऱ्याला विचारण्याची लाज वाटत असे, त्याला शिकायला फार वेळ लागत असे. शिवाय प्रत्येक पलटणीत एक सुभेदार मेजर, म्हणजे सर्वांत वरिष्ठ जेसीओ, असतो. जवानांच्या मनात काय चालले आहे, हे तो थेट कमांडिंग ऑफिसरला सांगतो, मधल्या कोणाच्याही परवानगीविना.

उत्तर : मुख्यालयातला

मी पलटणीपेक्षा मुख्यालयांत जास्त वर्षे काढली, म्हणून आपल्या दुसऱ्या मेजरविषयी लिहितो. ब्रिगेड मेजर कोणत्याही तुकडीचा प्रमुख नसतो. ब्रिगेडियरच्या मनातील योजना तीन पलटणींना कळेल आणि अमलात आणता येईल अशा आदेशात उतरवणे हे त्याचे काम. त्याच्या शेजारी बसणारा डीक्यू, म्हणजे पुरवठ्याचा स्टाफ अधिकारी, दारूगोळा, वाहने, शिधा आणि जखमींना मागे नेण्याची व्यवस्था पाहतो. स्टाफ अधिकाऱ्याला स्वतःचा हुकूम नसतो. तो जे लिहितो ते कमांडरच्या नावाने जाते. यात मान कमी, पण आदेशात एखादी वेळ चुकीची लिहिली तर तोफखाना आणि पायदळ यांचा मेळ मोडतो. अशा कामासाठी अनेक अधिकारी वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकून येतात.

ब्रिगेडियरकडे साधारण तीन पलटणी, मेजर जनरलकडे काही ब्रिगेडची डिव्हिजन आणि लेफ्टनंट जनरलकडे काही डिव्हिजनांची कोअर असते. येथून पुढे काम जागांपेक्षा वेळेचे होते: कोणती ब्रिगेड आज, कोणती उद्या, राखीव दल कुठे. आपल्या मूळ शंकेचा उत्तम नमुना मात्र सर्वांत वर सापडतो. कोअरचा प्रमुख लेफ्टनंट जनरल असतो आणि उधमपूर, पुणे, कोलकाता अशा ठिकाणी मुख्यालय असलेल्या सात कमांडांचे प्रमुखही लेफ्टनंट जनरलच असतात. हुद्दा एकच, पण एक दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो.

युद्धवाचक

सर्वांचे आभार. सुभेदारसाहेबांनी सांगितलेली बाब कुठल्याच वर्णनात ठळकपणे आली नव्हती. फक्त तारापोर यांच्याविषयीची शंका उरली आहे. त्यांचे काम आजच्या कर्नलचेच होते का?

निवृत्त पलटणवाला

होय, काम तेच. पदाचा दर्जा वाढला. लष्कराच्या अधिकारी संवर्गाची फेरमांडणी झाली तेव्हा पलटणीचे प्रमुखपद लेफ्टनंट कर्नलवरून कर्नलवर गेले. हे कारगिलच्या आधीच झाले होते, म्हणूनच १९९९ मध्ये १/११ गोरखा रायफल्सचे प्रमुख कर्नल ललित राय होते. त्यानंतर अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार डिसेंबर २००४ पासून दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल अशा कालबद्ध बढत्या सुरू झाल्या. सेकंड लेफ्टनंट हा हुद्दाही उरला नाही. १९७१ मध्ये अरुण खेत्रपाल याच हुद्द्यावर रणगाडा तुकडीचे नेतृत्व करीत होते. कर्नल होण्यासाठी मात्र निवड मंडळाची चाळणी पार करावी लागते, कारण पलटणी मोजक्याच आहेत.

याचा परिणाम असा की आज एका पलटणीत तीन-चार लेफ्टनंट कर्नलही दिसू शकतात आणि त्यांतील एखादा कंपनीच सांभाळत असतो, तर अधिकारी कमी असले की शेजारच्या कंपनीचा प्रमुख कॅप्टन असतो. तेव्हा पुढील वाचनात नावापुढचा हुद्दा पाहिल्यावर थांबू नका. त्या दिवशी त्याच्या हाताखाली किती माणसे होती, ते शोधा.