थंडी ओसरली की सामाईक बागेत काय दिलंत, काय घेतलंत?

मंडळी, थंडी सरत आली की आमच्या सामाईक बागेत एकच विषय: माती खणायला झाली का? वीतभर खोलीवरची मूठभर माती घट्ट दाबायची आणि गोळ्याला बोटाने टोचायचं. गोळा तसाच राहिला तर खुरपं जागेवर ठेवायचं. भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. चिखलात पाय घातला की माती दबते आणि पुढे हंगामभर मुळांना हवा मिळत नाही. पहिल्या वर्षी मी अशीच घाईने वाफ्यात शिरत होते, तेव्हा शेजारच्या वाफ्यातल्या काकूंनी लांबून हाक मारून थांबवलं. त्या हाकेचं मोल मला फार आहे. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले आधी.

*

मला एका काकांनी टोमॅटोची बारा रोपं दिली होती, खिडकीत वाढलेली, लांबुडकी. मी त्याच दुपारी ती वाफ्यात लावली. दोन दिवसांत पानं कागदासारखी पांढरी पडली. मला इतकं वाईट वाटलं की चार दिवस बागेत गेलो नाही. गेलो तेव्हा माझ्या वाफ्याच्या कडेला आणखी सहा रोपं ठेवलेली, आणि काका सांगायला थांबलेले. आतल्या मवाळ उजेडातलं रोप एकदम उन्हात सोसत नाही. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त ऊन, असं आठ-दहा दिवस करायचं. लावताना त्यांनी खालची पानं खुडायला लावली आणि खोड निम्म्याहून जास्त मातीत पुरायला लावलं. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे ती लांबुडकी रोपंच शेवटी भक्कम झाली. आता मी कोणालाही रोप देतो तेव्हा ते किती दिवस उन्हाला सरावलंय, ते चिठ्ठीवर लिहून देतो.

*

कंपोस्टचा ढीग आम्ही सगळे मिळून उलटतो. यंदा वास यायला लागला होता, म्हणजे ओलं जास्त आणि हवा कमी. पानगळीत प्रत्येकाने एकेक पोतं वाळका पाला राखून ठेवला होता, तो कामी आला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट पाला मिसळला. तिसऱ्या दिवशी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर हातात धरवेना!

*

माझा अनुभव बियांचा आहे आणि तो सांगणं मला गरजेचं वाटतं. झुकिनी छान आली म्हणून मी एक फळ बियांसाठी राखलं आणि वसंतात चौघींना बिया वाटल्या. त्याच बागेत कोणीतरी शोभेचे छोटे भोपळे लावले होते. दोन्ही एकाच जातीचे, मधमाश्यांनी पराग इकडचा तिकडे नेला. त्या वर्षीच्या फळात काही कळत नाही, फरक पुढच्या पिढीत दिसतो. एकीला पहिल्याच घासाला जहर कडू लागलं. तिने थुंकून टाकलं म्हणून निभावलं. त्या कडवटपणाने उलट्या-जुलाब होतात आणि शिजवूनही तो जात नाही. मी त्याच संध्याकाळी चौघींकडे जाऊन वेल उपटायला सांगितले. एकीही रागावली नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. आता वाटायच्या बिया मी टोमॅटो आणि घेवड्याच्याच ठेवते. त्यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात. झुकिनीचं बी धरायचंच असेल तर तिची नर आणि मादी, दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायच्या, सकाळी हाताने पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं.

*

वाफे लागून असले की फवारणीही एकट्याची राहत नाही. घेवड्यावर मावा दिसला म्हणून शेजारी पंप घेऊन आले होते. मी त्यांना पान उलटून दाखवलं: काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी अळी. ढालकिड्याचं पिल्लू ते, मावाच खातं. ते पंप खाली ठेवून गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. आठवड्याभरात शेंडे साफ झाले.

*

वरचा बियांचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या बागेतल्या एक आजी दुसऱ्या गावी राहायला गेल्या, जाताना घेवड्याच्या बियांचं पाकीट मला देऊन गेल्या. पाकिटावर त्यांच्या अक्षरात वर्ष होतं, सात वर्षांपूर्वीचं. घेवडा साधारण तीन-चार वर्षं चांगला उगवतो, म्हणून वाटण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवल्या. रोज सकाळी फडकं उघडून बघायचे. आठव्या दिवशी तीन बियांना कोंब होते. तिन्ही लावलेत, काठ्याही रोवल्यात. शेंगा वेलावरच वाळू देणार आहे. पहिली मूठ टपालाने आजींकडे जाईल.