संमती कुठल्या भाषेत?
पालकांच्या परवानगीशिवाय मुलांना ॲप घेता येऊ नये, असं म्हणतात, ते पटतं. पण परवानगी देणाऱ्याला समोरचं वाचता तर आलं पाहिजे! आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या गावी पुतण्यानं वहिनीच्या मोबाईलवर गेम घेतला. माईक, फोटो, लोकेशन, सगळं इंग्रजीत विचारलेलं. वहिनी मराठी शाळेत शिकलेली. पोरगा म्हणाला, "इथं दाब," तिनं भाकरीचं पीठ लागलेल्या बोटानं दाबलं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, हे काहींना माहीत असतं. पण संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे भाषांच्या यादीतल्या, 22 पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा, हेही त्यात आहे. म्हणजे आपल्याकडं मराठीही आणि कन्नडही. मी वहिनीच्या मोबाईलची भाषा मराठी करून दिली. माईकची परवानगी तिनं स्वतः वाचून काढून टाकली.