विद्यापीठाच्या गावी काढलेले दिवस – अनुभव सांगा

शेवंतीची_वेणी

काल वरच्या मजल्यावरच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. लेकाला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला पीएचडीसाठी प्रवेश मिळालाय. पेढा हातावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आम्ही जाऊ तीन महिने, पण तिथे जाऊन करायचं काय हो? न्यूयॉर्क नाही, नायगारा नाही." माझा पेढा हातातच राहिला. २०१४ चा उन्हाळा डोळ्यांसमोर आला, माझी लेक तिथेच होती.

अटलांटापासून सत्तर मैल. लेक आठला लॅबला जायची ती संध्याकाळी यायची. गाडी आम्हाला येत नव्हती, तेव्हा आम्ही दोघं चालायचो. पहिल्याच आठवड्यात एका वळणावर मोठं ओकचं झाड दिसलं, भोवती साखळी आणि एक दगड. दगडावर लिहिलंय की या झाडावर माझं फार प्रेम आहे, म्हणून हे झाड आणि त्याच्या चहूबाजूंची आठ फूट जमीन मी झाडालाच देतो. म्हणजे झाडच झाडाचं मालक! मूळ झाड १९४२ साली पडलं, आता आहे ते त्याच्याच फळापासून वाढवलेलं, १९४६ साली लावलेलं. आमच्या सोसायटीत तेव्हा बहाव्यावरून भांडण चालू होतं, पार्किंगसाठी तोडा म्हणून. हे त्या दगडापाशी बराच वेळ उभे राहिले. मग रोजचा फेरा तिथूनच व्हायला लागला.

आणि ती कमान. विद्यापीठाच्या दारातली काळी लोखंडी कमान. पदवी मिळायच्या आधी जो तिच्याखालून जाईल त्याला पदवी मिळत नाही, अशी तिथली समजूत. लेक पाच वर्षं बाजूने जात होती. घाई असो, पाऊस असो, बाजूनेच. तिचा व्हायवा झाला त्या दिवशी ती माझा हात धरून कमानीखालून गेली. मागच्या चॅपलची घंटा कोणीही वाजवू शकतं. ह्यांनी दोर ओढला आणि सवयीने दुसरा हात कपाळाला लावला.

वहिनींना मी एवढं सांगितलं. पण माझं तीनच महिन्यांचं. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहिलं असेल, मुलांकडे गेलं असेल तर लिहा. अथेन्सच पाहिजे असं नाही, दक्षिणेतलं कुठलंही कॉलेजचं गाव चालेल.

डबा_झाला_का

ताई, घंटेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रानजाई

अथेन्समध्ये सहा वर्षं काढली. बोटॅनिकल गार्डन सोडू नका म्हणावं. ३१३ एकर, प्रवेश फुकट, खाली ओकोनी नदीच्या काठाने पायवाटा आहेत. गावात उन्हाळाभर गुलाबी-जांभळी फुलं दिसतात ना, क्रेप मर्टल, ते आपल्या ताम्हणाच्याच कुळातलं झाड आहे. मॅग्नोलिया तर सोनचाफ्याची थोरली बहीण. माझी आई आली तेव्हा तिला हे सांगितलं आणि मग ती प्रत्येक झाडाजवळ जाऊन वास घ्यायची. जूनमध्ये अंधार पडता पडता गवतातून काजवे वर येतात. आईने काजवे चाळीस वर्षांनी पाहिले. भंडारदऱ्याला जायची गरजच नाही म्हणाली.

मार्चअखेर ते एप्रिल मात्र जाऊ नका. पाइनचे पराग उडतात, गाड्या, खिडक्या, चपला सगळं हळदीसारखं पिवळं. ज्यांना दमा आहे त्यांनी तर नकोच.

शेवंतीची_वेणी

ताम्हण! मी लेकीला म्हटलं होतं हे ओळखीचं वाटतंय. ती म्हणाली तुला सगळीकडे ओळखीचंच दिसतं.

भाऊसाहेब_ऑबर्न

आम्ही अलाबामात, ऑबर्नला. तिथे टूमर्स कॉर्नर म्हणून चौक आहे. विद्यापीठाच्या संघाने अमेरिकन फुटबॉलची मॅच जिंकली की सगळं गाव चौकात येऊन झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतं. पांढऱ्या झिरमिळ्यांनी झाडं भरून जातात. वडील पहिल्यांदा रागावले, कागद फुकट घालवतात म्हणून. नंतर त्यांना सांगितलं की २०१० साली हरलेल्या संघाच्या एका चाहत्याने त्या जुन्या ओकांच्या मुळांशी विष घातलं, वाचवायचा खूप प्रयत्न झाला, शेवटी २०१३ मध्ये तोडावी लागली. वडील शेतकरी. विष घातलं म्हटल्यावर गप्पच झाले. नंतर नव्या झाडांपाशी गेलो तर बुंध्यावर हात ठेवून उभे. समोरच्या दुकानात लिंबू सरबत मिळतं, ते प्यायचंच.

खिडकीतली_तुळस

कोणी हिंग नेलाय का? कस्टमवाले वासाने अडवतात असं जाऊबाई म्हणतात.

डबा_झाला_का

आले. आम्ही गेन्सव्हिलला होतो, फ्लोरिडा. संध्याकाळी 'लेक ॲलिस' नावाच्या तळ्याकाठी जायचं. तळ्यात मगरी आहेत, पाटी वाचा आणि काठापासून लांब राहा. समोर विद्यापीठाने वटवाघळांसाठी उंच खांबांवर लाकडी घरं बांधलीत. सूर्य मावळला की लाखो वटवाघळं बाहेर पडतात, धुराचा लोट निघावा तशी. सासूबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला, आमच्याकडे वटवाघूळ अंगावरून जाणं चांगलं मानत नाहीत. मग बघतच राहिल्या. परत येईपर्यंत रोज संध्याकाळी "चला, वाघळं बघायला" हेच.

पेन्स प्रेअरी हे गवताळ अभयारण्य पण जवळच. अमेरिकन गवे, रानटी घोडे. दुपारी नका जाऊ, सकाळी जा.

हिंग मी दोन वेळा नेलाय, घट्ट झाकणाच्या डबीत, वर दोन पिशव्या. काही झालं नाही. फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत हे खरं लिहा म्हणजे झालं.

खिडकीतली_तुळस

धन्यवाद गं. आणि मेतकूट?

तिसरी_घंटा

अथेन्समध्ये गाणं ऐकल्याशिवाय परत येऊ नका. एवढ्याशा गावातून बी-फिफ्टीटूज आणि आरईएम हे रॉक बँड निघाले. आरईएमचा पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चमध्ये झाला, मित्राच्या वाढदिवसाची पार्टी होती ती. चर्च नंतर पाडलं, मनोरा तेवढा उभा आहे. मी दर आठवड्याला त्याच्यावरून जायचो. एका उंच विटांच्या थडग्यासारखा दिसतो, पण माझ्यासाठी ते देऊळच.

जॉर्जिया थिएटर २००९ मध्ये जळलं. गावाने पैसे गोळा केले, कार्यक्रम केले, २०११ मध्ये परत उघडलं. मी उघडल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिथे होतो. आमच्या सांगलीकडे नाटकवेड आहे, तिथलं एखादं थिएटर जळलं असतं तर लोक असेच धावले असते असं तेव्हा वाटत होतं. बाबांना घेऊन गेलो होतो. त्यांना आवाज सहन झाला नाही, पण बाहेर येऊन म्हणाले, पोरं मनापासून वाजवतात.

लिंबोणीखाली

अथेन्सला मॅचच्या शनिवारी जाऊ नका. किंवा जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी ठरवा. स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं बसतात, बाहेर तंबू टाकून तेवढीच बसलेली. सकाळपासून लाल-काळे कपडे, शेगड्या, मांस भाजल्याचा वास. आम्ही दोघं शाकाहारी, बिचकत चाललो होतो. एका आजींनी हाक मारून खुर्ची दिली, मक्याची कणसं भाजून दिली, वर लोणी. नावगाव न विचारता. पंढरीच्या वाटेवर असंच कोणीतरी बोलावून भाकरी देतं, तेच आठवलं.

वाकडी_वाट

मॅच, झाडं सगळं ठीक आहे. एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. माझा मुलगा पहिल्या वर्षाला अथेन्सला क्रेसवेल हॉलमध्ये होता. सामान लावून आम्ही खाली आलो तेव्हा कळलं की त्या जागी पूर्वी लिनेनटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. पन्नासेक कुटुंबं. साठच्या दशकात घरं पाडून तिथे हॉस्टेलं उभी राहिली. माझे आजोबा धरणग्रस्त, कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावातले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कमानीच्या आत शिरलं की लगेच होम्स-हंटर इमारत आहे, तिथे थांबा. जानेवारी १९६१ मध्ये हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर हे दोघे तिथे नाव नोंदवायला आले, विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. दोन दिवसांनी हंटरच्या हॉस्टेलसमोर दंगल झाली, खिडक्यांवर विटा मारल्या. अठरा वर्षांची मुलगी. पुढे ती नामवंत पत्रकार झाली, तो डॉक्टर. मी मुलाला तिथे नेलं आणि सगळं वाचायला लावलं. विद्यापीठ १७८५ चं आहे, सनद त्या सालची. म्हणजे पावणेदोनशे वर्षं दार बंद होतं. मॉर्टन थिएटरही बघा, १९१० मध्ये कृष्णवर्णीय मालकाने बांधलेलं, अजून चालू आहे.

शेवंतीची_वेणी

मी तीन महिने त्या इमारतीवरून गेले आणि मला हे माहीतच नव्हतं. लेकीलाही विचारलं आत्ता फोनवर. तिला माहीत होतं, म्हणाली तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं. फार बरं केलंत लिहून. कोयनेचं वाचून कसंतरी झालं.

डबा_झाला_का

+१. माझं माहेर पाटणचं. तुमचं कुठलं गाव? व्यक्तिगत निरोप पाठवते.

फोडणीची_घाई

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही! ग्रिट्स आणा. मक्याचा जाडसर रवा असतो. एकाला चार पाणी, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आलं-मिरची, मंद आचेवर वीस मिनिटं, वरून लिंबू. उपम्याचा मावसभाऊ. झटपटवाली पाकिटं नकोत, खळ होते. भेंडीही तिकडे भरपूर, पण ती मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आमच्या ह्यांना ती इतकी आवडली की आता पुण्यातही तशीच करायला लावतात.

रानजाई

आणि शेंगा! उत्तरेला डोंगरांकडे निघालं की रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडत ठेवलेल्या असतात. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास ओल्या शेंगा उकडतात तशाच. आईने गाडी थांबवायला लावली, त्या बाईंना खुणेनेच विचारलं, मीठ किती. त्यांनी मूठ दाखवली. आईने मान हलवली, बरोबर आहे.

भाऊसाहेब_ऑबर्न

अलाबामातही मिळतात. वडील टरफलं खिशात ठेवायचे, फेकायची कुठे म्हणून.

लिंबोणीखाली

तुळसताई, मेतकूट चालतं. कोरडी पिठं, मसाले नेले आहेत आम्ही. फळं, बिया, रोपं मात्र अजिबात नको.

शेवंतीची_वेणी

आत्ता वहिनी बसल्यात शेजारी, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी वही आणलीय. झाड, कमान, काजवे, सगळं लिहून घेतलं. लिनेनटाउनपाशी पेन थांबलं, पुन्हा वाचा म्हणाल्या. त्यांचे यजमान जून ते ऑगस्ट म्हणतायत. त्या विचारतायत, ओल्या शेंगा कुठल्या महिन्यात मिळतात?

रानजाई

ऑगस्ट-सप्टेंबर. एक महिना उशिरा जा म्हणावं.