शेवटच्या आजारात पेशंटच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात का?

वर्धेकर
कराव्यात, आणि लवकर. कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हार्वी चोचिनोव्ह यांची रीत सोपी आहे: तासाभराचं बोलणं रेकॉर्ड करायचं, दोन-तीन दिवसांत कागदावर उतरवायचं, पेशंटला वाचून दाखवून दुरुस्त करायचं, मगच घरच्यांना द्यायचं. आपल्याकडे खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कॅन्सर किती, हे सांगायला नको. जिभेचं ऑपरेशन व्हायच्या आधी बोलून घ्या.

धानपट्टा
भाऊ, मला हे पटत नाही. कित्येक घरांत पेशंटला कॅन्सर हा शब्दच सांगितलेला नसतो. ‘मागच्यांसाठी काय सांगाल?’ विचारलं की त्याला सगळं कळलंच. त्यात घर एका खोलीचं, बाजेभोवती सोयरे बसलेले. म्हातारा ‘खालचं वावर धाकट्याला’ बोलून गेला, तर तेरवीआधीच भांडण.

वर्धेकर
वावराचा विषय निघाला की रेकॉर्डिंग थांबवा. तो आवाज म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हे तिथंच सांगा. मृत्युपत्राला त्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. आणि आजाराचं नाव न काढताही विचारता येतं: विहीर कोणत्या साली खोदली, पऱ्हाटीचं बियाणं कुठून आणायचे, लग्नाची वरात बंडीनं गेली का. माणूस आपसूक पुढचं बोलतो.

मॉर्फिनची साधी, म्हणजे लगेच लागू होणारी गोळी दिल्यावर पाऊण-एक तासानं बसा, तेव्हा दुखणं कमी असतं. आधी ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसा. कोरड्या जिभेनं बोलवत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, उशीजवळ. वीस मिनिटांत थांबा, उरलेलं उद्या.

गृहभेट नर्स
एक भर घालते. माणूस बरळतोय, चादर ओढतोय, सकाळ-संध्याकाळ ओळखत नाही, अशा वेळी फोन काढूच नका. ते बोलणं त्याचं नसतं, आणि घरचे जन्मभर तेच धरून बसतात. आधी लघवी अडकली का, संडास किती दिवस झाली नाही, हे बघा आणि डॉक्टरांना कळवा. बोलता येत नसेल तर पाटी द्या, जुने फोटो दाखवा, नावं खुणेनं विचारून मागे लिहा.

धानपट्टा
ताई, फोटोंचं मान्य. आवाजाला माझा विरोध कायम. कागद त्याला वाचून दाखवता येतो, नको म्हणाला तर फाडता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पसरलेला आवाज परत घेता येत नाही.

वर्धेकर
मग फाइल कोणाकडे द्यायची, हे सुरू करण्याआधी पेशंटलाच विचारा. पोराची परवानगी पुरेशी धरू नका.